पर्स्पिकेशसच्या मागे श्रीकृपेकरून

समोरच्याला चटकन कळतं एवढंच म्हणायचं असेल तर 'हुशार आहे' म्हणा आणि विषय संपवा ना. पण इंग्रजीवाल्यांचं तेवढ्यावर भागत नाही. अस्ट्यूट, श्रूड, सॅगेशस, डिसर्निंग, पर्सेप्टिव्ह, इन्सायसिव्ह, पर्स्पिकेशस, सगळे एकाच वाड्यातल्या चुलतभावांसारखे, तोंडवळा तोच, आणि एकाला चुकून दुसऱ्याच्या नावाने हाक मारली की मार्क गेले.

मार्क माझे नव्हेत, भाचीचे. तिला एमएस करायला अमेरिकेत जायचंय, त्यासाठी जीआरई नावाची प्रवेशपरीक्षा, आणि जीआरईचे शब्द पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे. का? तर मी रिटायर्ड आहे आणि पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं सोडवतो, आणि ताईच्या हिशेबात एवढं क्वालिफिकेशन बास.

२०११ च्या ऑगस्टपर्यंत म्हणे या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द थेट विचारायचे, घोकंपट्टीला मान होता. आता एक वाक्य देतात, त्यात एक रिकामी जागा, खाली सहा शब्द, आणि त्यातले असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. एक बरोबर एक चूक असेल तर शून्य, अर्धा मार्कसुद्धा नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून पेपर छोटा केलाय, अख्खी परीक्षा १ तास ५८ मिनिटांत. आमच्याकडे नुसता 'श्रूड चांगला की वाईट' हा वाद त्याहून जास्त वेळ चालला.

झालं असं, की भाची म्हणाली श्रूड म्हणजे धूर्त, म्हणजे शिवी. मी म्हटलं अगं बिझनेसवाल्या पानावर तर कौतुकाने लिहितात, श्रूड इन्व्हेस्टर वगैरे. मग डिक्शनरीत मुळापर्यंत गेलो तर तिथे निघाली श्रू, म्हणजे आपली चिचुंद्री! जुन्या इंग्रजीत या बाईसाहेबांची ख्याती वाईट, चावली तर विष चढतं असा समज, त्यामुळे श्रूड म्हणजे चक्क दुष्ट. पुढे कधीतरी दुष्टाचा कपटी झाला, कपट्याचा धूर्त, आणि हळूहळू धूर्ताला लोक मान द्यायला लागले. यात इंग्रजांना तरी काय हसायचं, आपल्याकडे नगरसेवकाला कोणी 'बेरकी आहे' म्हटलं की अर्धे लोक नाक मुरडतात आणि उरलेले पुढच्या वेळी त्यालाच मत देतात.

सॅगेशसची कथा त्याहून भारी. आज हा शब्द पांढऱ्या दाढीच्या, शांत, विचारी माणसाला लावतात, पण मूळ लॅटिन शब्द तिखट नाकाचा, शिकारी कुत्र्याच्या वासावरचा, आणि इंग्रजीतसुद्धा आधी तो त्याच अर्थाने आला. हे मी भाचीला सांगितलं कारण मुळं सांगितली की शब्द डोक्यात राहतात असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे. "मामा, तिथे कुत्र्याचा ऑप्शन नसतो."

पर्स्पिकेशस आणि पर्स्पिक्युअस या जोडीने मात्र दोघांनाही रडवलं. दोन्ही 'आरपार पाहणे' वरूनच निघालेत, पण पहिला म्हणजे ज्याला आरपार दिसतं तो माणूस आणि दुसरा म्हणजे ज्यातून आरपार दिसतं असं सरळ स्वच्छ लिखाण. हे एकदा समजलं की सोपं आहे असं मी तिला रोज सांगायचो आणि रोज पुन्हा समजवायचो. कॅनी आणि अनकॅनी तर शुद्ध फसवणूक! कॅनी म्हणजे पैशापाण्यात सावध, चतुर, मग अनकॅनी म्हणजे उधळ्या किंवा बावळट असायला हवा की नाही? तर नाही, अनकॅनी म्हणजे विचित्र, अंगावर काटा आणणारं. आणि इनसाइट! स्पेलिंग बदललं की सूक्ष्म दृष्टीची चिथावणी होते, उच्चारात फरक फक्त जोर पुढे द्यायचा की मागे एवढाच. भाचीने सरावाच्या निबंधात लिहिलं होतं की नेत्याकडे इनसाइट पाहिजे, आणि स्पेलिंग टाकलं चिथावणीचं. मी म्हटलं राहू दे, परीक्षकाला वाटेल मुलगी राजकारण जवळून पाहतेय.

एकदा मी म्हटलं आपल्या इतिहासातून शिकू, पेशवाईतले साडेतीन शहाणे घेऊ. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धा, कारण नानाला बुद्धी अफाट पण तलवारीचं अंग नाही. आता प्रत्येकाला एकेक शब्द दे बघू. तिने बापूंना श्रूड दिला, नानांना अस्ट्यूट, देवाजीपंतांना कॅनी, इथपर्यंत मीही खूश. विठ्ठल सुंदर निजामाचे दिवाण, १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडले, हे ऐकल्यावर म्हणाली, "मग याला सॅगेशस कसं देऊ, वास यायला हवा होता ना आधी." (म्हणजे कुत्रं लक्षात राहिलं होतं. मी काही बोललो नाही.)

आता कार्डांचं सांगतो. शब्द पाठ करायला छोटी कार्डं लागतात, मोबाईलमध्ये ॲप आहे पण मोबाईल हातात दिला की शब्द राहतात बाजूला आणि रील सुरू होतात, तेव्हा ताईने फर्मान काढलं की कागदाचीच करा. आणि आमच्या ताईने आयुष्यात एकही लग्नपत्रिका टाकलेली नाही. जाड गुळगुळीत कागद, मागची बाजू कोरी, किराणा मालाच्या याद्या वर्षानुवर्षं त्यावरच. गणपतीचा तुकडा तेवढा अलगद कापून देवघराच्या ड्रॉवरमध्ये, बाकी पत्रिकेचे चार तुकडे, कोऱ्या बाजूला स्केचपेनने शब्द. त्यामुळे पर्स्पिकेशसच्या मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', डिसर्निंगच्या मागे 'कृपया आहेर आणू नये', आणि इन्सायसिव्हच्या मागे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' खाली चिंटू, पिंकी, स्वरा.

भाचीने अर्थाऐवजी पत्रिका पाठ केल्या. "ॲक्युमेन?" "नाशिकच्या काकांकडचं लग्न, जेवण छान होतं." "अर्थ विचारतोय मी." "हां, तीक्ष्ण बुद्धी, ते सुईच्या टोकावालं." आता हे बरोबर होतं, लॅटिनमध्ये टोकदार करणं असंच काहीसं आहे, आपला कुशाग्र पण दर्भाच्या टोकाचाच, म्हणून मी नाशिक सोडून दिलं. ट्रेंचंटला मात्र ती हटकून हसायची, कारण ट्रेंचंट म्हणजे धारदार, नेमकं बोलणारा, आणि मागे ज्याचं नाव होतं तो आमचा भाचेजावई 'हो का' आणि 'बघू' याच्या पलीकडे बोललेला कुणी ऐकलेला नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग परवा सकाळी ताई पैठणी नेसून, अंबाडा घालून, दारात चपला शोधत मला विचारते, "कार्यालय कुठलं रे?" लग्न तिच्या नणंदेकडचं, मुहूर्त साडेअकराचा, व्हॉट्सॲपवर आलेली पत्रिका तिने मेमरी फुल झाली म्हणून डिलीट केलेली, आणि छापील पत्रिका? छापील पत्रिका मीच आदल्या आठवड्यात कापली होती. नणंदेला फोन करून विचारायची सोय नाही, कारण "पत्रिका दिली होती ना वहिनी" हे वाक्य पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं.

जमिनीवर सगळी कार्डं उलटी पसरली. तीन तुकडे सापडले. एकावर वधूवरांची नावं, एकावर मुहूर्त, एकावर प्रेषकांची एवढी लांबलचक यादी की त्यांना शोधत गेलो तरी कार्यालय सापडलं असतं. चौथा नाही. भाची लायब्ररीत. फोन लावला.

"मामा, हळू बोल, इथे सगळे वाचतायत. कुठली पत्रिका? मरून रंगाची? तिच्यातलं डिसर्न, जुडिशस, क्लेअरवॉयंट तिथेच असतील बघ."

"ते सापडले गं. पत्ता नाहीये त्यांच्यावर."

"पत्ता अनकॅनीच्या मागे आहे."

"मग अनकॅनी कुठंय?"

"ते पाठ झालं म्हणून टाकून दिलं."