मॅक्स श्रेक खरंच पिशाच्च होता म्हणे!

टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढे आलेले दोन दात, लांब नखं. हा फोटो आणि त्याखालचा मजकूर पुन्हा फिरतोय. दावा असा: १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटात काउंट ऑरलॉक हे पिशाच्च साकारणारा मॅक्स श्रेक हा नट नव्हताच. नाव खोटं, रंगभूषेशिवाय त्याला कुणी पाहिलं नाही, चित्रीकरण संपताच तो गायब झाला. सबब, दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी खरंच रक्तपिपासू पिशाच्च आणून उभं केलं होतं.

आधी नाव. जर्मनमध्ये ‘श्रेक’ म्हणजे धास्ती, म्हणून ते टोपणनाव असणार, असा तर्क. पण फ्रीड्रिश गुस्टाव्ह मॅक्सिमिलियान श्रेक हे त्याचं जन्माचंच नाव. जन्म ६ सप्टेंबर १८७९, बर्लिनलगतच्या फ्रीडेनाऊचा. वाघमारे आडनावाच्या माणसाला ‘किती वाघ मारलेत?’ असं आपण विचारतो का?

रंगभूषेशिवाय कुणी पाहिलं नाही, हे तर फारच झालं. ऑरलॉक होण्याआधी हा गृहस्थ वीसेक वर्षं रंगभूमीवर होता. आधी लहान गावांतल्या नाटक मंडळ्या, मग बर्लिनला नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टची कंपनी, पुढे म्युनिकचं कामरश्पीले हे नाट्यगृह. बायको फॅनी नॉर्मन हीसुद्धा अभिनेत्री. त्याचे साध्या चेहऱ्याचे फोटोही आहेत. जरा करड्या चेहऱ्याचा, उंच माणूस, एवढंच.

गायब झाल्याची गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. ‘नोस्फेराटू’ मार्च १९२२मध्ये झळकला आणि त्याच सप्टेंबरात नाटककार ब्रेश्टच्या ‘ट्रोमेल्न इन डेर नाख्ट’ या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात श्रेक ग्लुब नावाच्या दारूगुत्तेवाल्याच्या भूमिकेत होता. १९२३मध्ये ‘डी श्ट्रासे’ या चित्रपटात तो आंधळा म्हातारा झाला. १९२४मध्ये तर खुद्द मुर्नाऊंच्याच एका विनोदी चित्रपटात दिसला. १९२६मध्ये तो कामरश्पीलेत परतला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. मधूनमधून बोलपटही केले. १९ फेब्रुवारी १९३६ला ‘डॉन कार्लोस’ या नाटकात दुसऱ्या नटाच्या जागी तो ग्रँड इन्क्विझिटर, म्हणजे मुख्य धर्मन्यायाधीश, म्हणून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयविकाराने गेला.

मग तो अज्ञात का वाटला? गायब झाला तो सिनेमाच. ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीचे हक्क न घेताच तो काढला होता. तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५मध्ये प्रिंट नष्ट करण्याचा हुकूम झाला. सुदैवाने काही प्रिंट बचावल्या. निर्माती प्राना कंपनी तर त्या एका चित्रपटातच बुडाली. शिवाय श्रेकचं बरंचसं काम नाटकातलं; त्याची रिळं कुठून मिळणार?

आता मला सगळ्यात आवडणारा मुद्दा. सूर्यप्रकाशाने पिशाच्च नष्ट होतं, ही कल्पना रुजवली याच सिनेमाने. स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. आणि याच सिनेमातले रात्रीचे बाहेरचे प्रसंग चक्क उन्हात चित्रित झाले, मग फिल्मला निळा रंग देऊन त्यांची रात्र केली. म्हणजे पिशाच्च भर दुपारी, कॅमेऱ्यासमोर, पुन्हा पुन्हा टेक देत होतं!

जी जादू दिसते तिला अभिनय म्हणतात. अख्ख्या चित्रपटात ऑरलॉक पडद्यावर जेमतेम ९ मिनिटं आहे. त्या वेळेत ताठ पाठ, खांद्यांत गेलेली मान, शरीराला चिकटलेले हात यांवर श्रेकने भीती उभी केली. ‘तो खराच पिशाच्च होता’ म्हणणं म्हणजे त्याची सगळी मेहनत दुसऱ्याच्या नावावर करणं.

अफवेला हवा दिली १९५३मध्ये आदो किरू या समीक्षकाने, श्रेकच्या ओळखीवरच प्रश्नचिन्ह लावून. तिचं घराघरांत बस्तान बसवलं २०००च्या ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ने, ज्यात विलेम डॅफोने श्रेकला खरं पिशाच्च रंगवलं. चित्रपट झकास आहे, पण ती कल्पित कथा. त्यात पिशाच्च कॅमेरामन फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांचाही जीव घेतं. खरे वाग्नर १९३१मध्ये दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ या चित्रपटाचं चित्रीकरण करत होते.