भरतीच्या वेळी पक्ष्यांनी बसायचं कुठं?

ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. दोन्ही वेळा मनापासून आनंद झाला होता. पण आपण वाचवलंय ते अर्धंच. उरलेलं अर्धं डोळ्यांदेखत चाललंय, म्हणून हे लिहितोय.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि हजारो पक्षी जेवायला उतरतात. फ्लेमिंगो सगळ्यांना दिसतात. त्यांच्या पायाशी फिरणारे तपकिरी, लहानखुरे पक्षी जरा निरखून बघा. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. त्याचं काम नजरेवर चालतं. तुतारीचं तसं नाही. तो चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसतो, आणि आतला किडा त्याला चोचीच्या टोकालाच कळतो. यातला छोटा टिलवा भरतो जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, आणि येतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. एप्रिल-मे मध्ये परत निघण्याआधी त्याला अंगावर भरपूर चरबी चढवावी लागते. ती याच चिखलातून.

मग भरती येते. चिखल पाण्याखाली जातो. या पक्ष्यांचे पाय आखूड, आणि बदकांसारखं तासन्‌तास पाण्यावर तरंगत राहणं त्यांना जमत नाही. पाणी उतरेपर्यंत त्यांना उथळ, मोकळी, चारी बाजूंनी नजर पोचेल अशी जागा लागते. नेरुळचा डीपीएस तलाव, सीवूड्सजवळची टी. एस. चाणक्यची पाणथळ, उरणचं पाणजे, भांडुपची मिठागरं या त्या जागा. यातल्या बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. जागा नसेल तर थवा हवेत घिरट्या घालत राहतो, आणि दिवसभर कमावलेली चरबी तिथेच जाळतो.

कांदळवन आहे की, तिथे बसतील, असं मला बरेच जण सांगतात. दाट तिवरांत हे पक्षी उतरत नाहीत, शिकारी पक्षी कुठून येतोय ते दिसत नाही. तिवरं जपलीच पाहिजेत, पण उघड्या चिखलावर हौसेनं तिवरांची रोपं लावणं हे या पक्ष्यांचं ताट काढून घेणं आहे.

या जागा मारायला भराव टाकावाच लागतो असंही नाही. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार बंद राहिलं की पुरे. पाणजे असंच वारंवार कोरडं पडलंय. डीपीएस तलावाचंही पाणी अडलं, आणि २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. २०२५ मध्ये हा तलाव संवर्धन राखीव करायला राज्य वन्यजीव मंडळानं मान्यता दिली. चांगलं झालं. पण एका तलावानं भागणार नाही, कारण उधाणाच्या मोठ्या भरतीला एक जागा चालते आणि भांगाच्या लहान भरतीला दुसरी. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत मिठागरं बसतच नाहीत.

'पक्षी जातील दुसरीकडे' हे वाक्य ऐकलं की मला दक्षिण कोरियाचं सेमानगम आठवतं. २००६ मध्ये तिथे ३३ किलोमीटरची समुद्रभिंत घालून प्रचंड चिखलपट्टा बंद केला. तिथे थांबणारे ग्रेट नॉट नावाचे चिखलपक्षी शेजारच्या किनाऱ्यांवर तेवढ्या संख्येनं सापडलेच नाहीत, आणि त्यांची जगातली एकूण संख्याही घसरली. शेजारची जागा रिकामी नसते हो, तिथे आधीच कोणीतरी पोट भरत असतं. आपल्याकडे येणारा बाकदार चोचीचा तुतारी २०२४ मध्ये जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' वर्गात गेलाय.

पक्षी विमानांना धडकतील, म्हणून नवी मुंबई विमानतळाजवळ पाणथळी नकोत, असाही एक सूर आहे. मला उलटं वाटतं. ठरलेली बसायची जागा काढून घेतली की थवे भरतीच्या वेळी मोकळी सपाट जमीन शोधणार, आणि धावपट्टीच्या आसपास तीच तर आहे.

नेरुळ, सीवूड्स, उरणच्या मित्रमैत्रिणींनो, पक्ष्याच्या क्लोजअपसोबत एक फोटो पाण्याचाही काढा. पाणी येण्याची वाट, उघाडी, तारीख आणि भरतीची वेळ त्यात येऊ द्या. पाणी अडलेलं दिसलं तर तो फोटो जोडून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या, आणि प्रत इथे टाका.