'विमानतळाला एकच मालक हवा' म्हणणाऱ्या त्रस्त प्रवाशांस

नमस्कार. लोहगाव, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरच्या माझ्या पोस्टवरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिल्लीचं विमान तीन तास लेट झालं, त्यातला शेवटचा अर्धा तास तर सगळे आत बसलेले असताना कुणा न आलेल्या प्रवाशाची बॅग शोधण्यात गेला. विचारायला जावं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि मी मात्र १९३४ च्या विमान कायद्याचं पुराण लावून या टोलवाटोलवीला मुलामा देतोय. एसटीच्या डेपोला जसा एक आगारप्रमुख, तसा विमानतळालाही एकच मालक हवा.

बॅगेपासूनच सुरुवात करतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटात फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकूवरला चेक-इन झाली होती. ती चेक-इन करणारा प्रवासी विमानात चढलाच नाही. चेक-इन केलेला माणूस गेटवर आला नाही तर त्याची बॅग उतरवल्याशिवाय विमान हलवायचं नाही, या कडक शिस्तीमागे ते विमान आहे. तुम्ही आत घड्याळ बघत होतात तेव्हा खाली लोडर विमानाच्या पोटातला कप्पा परत उघडून, टॅगवरचे आकडे जुळवत, एकेक बॅग बाजूला सारत होते. तो अर्धा तास मी तरी कुणाच्या नावावर टाकणार नाही. आधीच्या अडीच तासांबद्दल एअरलाइनला जरूर धरा.

आता एकच मालक. अहो, होता की! १९७२ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास हे चार विमानतळ वेगळ्या प्राधिकरणाकडे गेले. बाकीचे १९८६ पर्यंत सरकारचं नागरी विमान वाहतूक खातंच चालवत होतं आणि त्याच खात्याचे महासंचालक, म्हणजे डीजीसीए, नियमही करत होते. विमानतळ आपला, तपासणीही आपलीच. सुरक्षेचा कक्षसुद्धा १९७८ पासून डीजीसीएतच होता. तो बीसीएएस (नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो) म्हणून वेगळा झाला १ एप्रिल १९८७ ला, कनिष्कनंतर. ट्रेमध्ये पट्टा काढून ठेवायला लावणारा सीआयएसएफचा जवान आला तो कंदाहारच्या विमान अपहरणानंतर, २००० साली, जयपूरपासून. चार विमानतळांचं ते आणि बाकीच्यांसाठी १९८६ मध्ये झालेलं, अशी दोन्ही प्राधिकरणं एकत्र करून आजचं एएआय (भारतीय विमानतळ प्राधिकरण) झालं १९९५ मध्ये. तिकिटावर यूडीएफ म्हणून विमानतळ वापराची जी रक्कम दिसते ती मोठ्या विमानतळांसाठी एरा ही वेगळी दरनियामक संस्था ठरवते, कारण विमानतळवाल्यानेच भाव ठरवला तर प्रवासी जाणार कुठे? अपघाताच्या चौकशीसाठी एएआयबी हा वेगळा तपास ब्युरो यायला तर २०१२ उजाडलं. माझ्या मते फार उशीर झाला. ज्यांनी विमानाला परवाना दिला त्यांच्याच खात्याने ते का पडलं हे शोधायचं, ही पद्धत इतकी वर्षं चाललीच कशी?

म्हणजे कामं फोडली ती एकेका धक्क्यानंतर. कुणी बसून टोलवाटोलवीचा आराखडा केला नव्हता.

लोहगावचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. तो मुळात १९३९ चा ब्रिटिशांचा लष्करी हवाई तळ. धावपट्टी हवाई दलाची, टॉवरवरून विमानाला परवानगी देणारेही हवाई दलाचेच. एएआयकडे आहे तो नागरी भाग, टर्मिनल आणि विमानं उभी करायची जागा. तिथे एकच मालक शोधायला निघालात तर तो हवाई दल निघेल, आणि त्यांचं पहिलं काम सुखोई लढाऊ विमानं उडवणं आहे. १९४४ च्या ज्या शिकागो करारावर जगाची नागरी विमान वाहतूक चालते, तो करार लष्करी विमानांना लागूच होत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ १४ दिवस पूर्ण बंद होता, आठवतंय? तेव्हाही लोक टर्मिनलवाल्यांच्या नावाने खडे फोडत होते. (२०२५ मध्ये खिडकीचे पडदे खाली ओढायला लावले तेही याच कारणाने, लष्करी तळ म्हणून.)

नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. चकाचक आहे, चेहरा दाखवून आत जायची डिजियात्रा आहे, पण धावपट्टी तीच, २,५३५ मीटरची. लंडनचं थेट विमान का नाही, या तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर या आकड्यात आहे. काच आणि ग्रॅनाइट बसवून धावपट्टी लांबत नाही. त्यासाठी जमीन राज्याने मिळवून द्यायची आणि होकार संरक्षण खात्याचा लागतो.

तुमचा एक मुद्दा मात्र मला सोळा आणे पटतो: कुणाकडे जायचं हे प्रवाशाला कुणी सांगत नाही. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर एअरलाइनने खाणंपिणं द्यायचं असतं. उशीर सहा तासांपुढे जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. एअरलाइनच्या हाताबाहेरच्या कारणांना सवलत आहे, पण कारण काय ते विचारा तरी. दिल्लीचं विमान या अडीच तासांच्या गटात बसतं, म्हणजे तुम्हाला निदान सँडविच मिळायला हवं होतं. नसेल मिळालं तर आधी एअरलाइनकडे लेखी तक्रार करा, नंतर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. बोर्डिंग पास फेकला नसेल अशी आशा.

शेवटी विचारलंत, पुरंदरचा नवा विमानतळ झाला की सुटलो ना? काही बाबतीत हो. तो नागरी विमानतळ असेल, परवाना डीजीसीएचा असेल आणि सुखोईची पाळी संपायची वाट बघावी लागणार नाही. पण तिथलं भांडण जमिनीचं आहे, पारगाव आणि खानवडीसह सात गावांचं, आणि त्यावर यातल्या एकाही संस्थेकडे उत्तर नाही.