जुलाब अंगावर काढू नका
कर्करोगाच्या टार्गेटेड गोळ्यांवरच्या (म्हणजे कर्करोगाच्या पेशींना नेमकं लक्ष्य करणाऱ्या औषधांवरच्या) लेखात ‘टार्गेटेड गोळ्यांनी जुलाब होतातच, थोडं सोसावं लागतं’ असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. नेरॅटिनिब या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळीसोबत तर जुलाब रोखणारं लोपेरामाइड पहिल्या दिवसापासूनच देतात, किंवा नेरॅटिनिबचीच 120 मिग्रॅपासून सुरुवात करून हळूहळू 240 वर नेतात. म्हणजे डॉक्टरांकडे उपाय असतात, पण आपण सांगितलं तर! आमची आई ‘डोस कमी करतील’ या भीतीने गप्प बसायची. गोळी कधी घ्यायची तेही विचारून घ्या: याच प्रकारातली इमॅटिनिब जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर, एर्लोटिनिब मात्र रिकाम्या पोटी. आणि जळजळ होते म्हणून आपल्या मनाने अ‍ॅसिडिटीची गोळी तर नकोच, तिच्यामुळे एर्लोटिनिब, डॅसॅटिनिब नीट शोषलंच जात नाही. जुलाबासोबत ताप आला किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.