त्रेपन्न कोटींत कोण कोण मोजलंय?

नागपुरात सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 2011च्या जनगणनेनुसार निम्म्या देशाची मातृभाषा हिंदी आहे, मराठी घसरणीला लागली आहे, आणि नागपूर तर कधीच हिंदी झालंय, तेव्हा मराठीचा आग्रह सोडा. आकडे सरकारी म्हटल्यावर लोक मान डोलावतात. म्हणून तेच आकडे जरा नीट वाचू.

आधी ‘निम्मा देश’. जनगणनेत हिंदीच्या नावावर 52.83 कोटी माणसं आहेत, म्हणजे 43.63 टक्के. निम्मा इथेच भरत नाही. पण खरी गंमत त्या आकड्याच्या पोटात आहे. लोक जी मातृभाषा सांगतात ती जनगणना खातं एखाद्या मोठ्या भाषेच्या खात्यात जमा करतं. हिंदीच्या खात्यात अशी पन्नासहून अधिक नावं आहेत. भोजपुरी 5 कोटींवर, राजस्थानी अडीच कोटींवर, छत्तीसगढी 1.6 कोटी, मगही सव्वा कोटीवर. ‘माझी मातृभाषा हिंदी’ असं स्वतः सांगणारे 32.22 कोटी, साधारण 27 टक्के.

याच यादीत पोवारीही आहे. गोंदिया, भंडारा, बालाघाटकडची ही भाषा. तिकडून नोकरीधंद्यासाठी नागपुरात आलेल्या कितीतरी घरांत आजी नातवंडांशी आजही पोवारीतच बोलते. 2011मध्ये तीन लाखांवर लोकांनी तिचं नाव सांगितलं आणि ते सगळे हिंदीत धरले गेले. मैथिलीचंही असंच चाललं होतं. 2003च्या घटनादुरुस्तीनं ती आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या मान्य भाषांच्या यादीत, आली आणि पुढच्या तक्त्यांत वेगळी दिसू लागली. माणसं तीच, घरं तीच, फक्त खातं बदललं. अशा बेरजेवरून देशाच्या मनातली भाषा ठरवणं मला पटत नाही.

मराठीच्या घसरणीचं उत्तर लवकर देता येतं. 2001मध्ये 7.19 कोटी, 2011मध्ये 8.30 कोटी. तेलुगूला मागे टाकून मराठी चौथ्यावरून तिसऱ्या क्रमांकावर आली. टक्का 6.99 वरून 6.86 झाला, हे खरं. पण त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या 17.7 टक्क्यांनी वाढली आणि महाराष्ट्राची 16 टक्क्यांनी. आपल्याकडे वाढीचा वेग कमी, म्हणून वाटा किंचित उतरला. मराठी बोलणारे काही कमी झाले नाहीत.

आता नागपूर. सीताबर्डीत भाव करताना हिंदी ऐकू येते, कोण नाकारतंय? पण जनगणना बाजारातली भाषा विचारत नाही. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची, ती तुमची मातृभाषा, अशी तिची व्याख्या आहे. आई लवकर गेली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जायची ती. त्यामुळे एकाच घरात नवऱ्यापुढे मराठी आणि बायकोपुढे छत्तीसगढी अशी नोंद होऊ शकते. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांचा रकाना निराळा असतो. आपली बाजारातली हिंदी त्या रकान्यात जाते. गर्दीत कानावर पडलं त्यावरून शहराची मातृभाषा सांगता येत नाही.

आणि घसरणीचीच काळजी असेल तर ती गोंडीची करा. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलं. 2011मध्ये देशात गोंड जमातीची नोंद एक कोटीच्या वर आहे, आणि गोंडी मातृभाषा सांगणारे 30 लाखांच्याही आत. गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही. त्या मजकुरात तिचं नावसुद्धा नाही, याचा मला राग येतो.

पुढच्या जनगणनेसाठी बहुतेक देशाची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. प्रगणकानं, म्हणजे नोंदी घ्यायला घरी येणाऱ्या माणसानं, मातृभाषा विचारली की पोवारी असेल तर पोवारी सांगा, गोंडी असेल तर गोंडी. तुम्ही सांगाल तेच त्यानं लिहायचं असतं, स्वतःच्या अंदाजानं हिंदी किंवा मराठी लिहायची त्याला मुभा नाही. त्यानं काय लिहिलं ते तो निघण्याआधी विचारून घ्या.