हात टेकले

मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि गिटार आमच्या माळ्यावर ठेवून गेला. फुकटची वस्तू वाया का घालवायची, म्हणून मी शिकायला लागले. माझी उंची पाच फूट आणि गिटार ड्रेडनॉट. १९०६ साली ब्रिटिश आरमारात या नावाची अजस्र युद्धनौका दाखल झाली. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने एक दांडगी गिटार घडवली, तिला हेच नाव मिळालं. खालचा घेर जवळजवळ ४० सेंटिमीटर, खोली १२. माप ठरवताना ठाण्यातल्या बाया कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या, एवढं नक्की.

ही मांडीवर घेणं म्हणजे पाहुण्यांचं गुटगुटीत पोर सांभाळणं. उजवा हात वरून टाकून तारांपर्यंत न्यायचा, तर कोपराखालचा सगळा भार गिटारीच्या कडेवर येतो. ती कड चक्क काटकोनी. दोन गाणी होईतो करंगळीला मुंग्या येतात. मे महिन्यात तर घामाने हात पॉलिशला चिकटतो आणि उचलताना चर्रकन लव घेऊनच सुटतो. वर वळ उठतो तो वेगळाच. कोपरापासून चार बोटांवर, आडवा, लालभडक.

भिशीत तो वळ बायकांनी पाहिला. "गिटारीचा आहे," असं मी सांगितलं, पण असल्या खुलाशांवर कोण विश्वास ठेवतं? सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात चकल्या खात बसलेल्या सासूबाईंकडे वळल्या. आईंच्या अब्रूचाच प्रश्न आला. त्या दिवसापासून माझा हात त्यांनी ताब्यात घेतला.

आधी खोबरेल झालं. मग पंचाची चौघडी गिटारीवर ठेवली, तर आवाजच बसला. मला शिकवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. तो म्हणाला, "काकू, वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. ती थरथरते म्हणून आवाज येतो. पंचा जाऊ दे, तुमचा हातसुद्धा आवाज दाबतो." हे ऐकून आमचे हे पेपरमागून खोकले.

मग आईंनी नातवाचा फुटबॉलचा मोजा शोधला, पंजा कापला आणि माझ्या हातात चढवला. सर हसतील असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बरोबर आहे. पाश्चात्त्य क्लासिकल गिटार वाजवणारेही बाही घालतात. त्यांच्या गिटारीला बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं, ते घामाने खराब होतं."

"म्हणजे बांगड्यांची लाख?" आई.

"हो, तीच असावी, आजी."

आईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण ठाण्याच्या उकाड्यात लोकरी मोजा घालून एकदा रियाज करून दाखवावा कुणीही.

शेवटी आर्मरेस्ट मागवला. लाकडाची बोटभर रुंद, किंचित बाकदार पट्टी. ती दुहेरी चिकटपट्टीने कडेवर बसवायची, म्हणजे हात फळीवरून उचलला जातो आणि कड रुतत नाही. आईंना मी किंमत निम्मी सांगितली, तरी त्यांनी "एवढ्यात पोळपाट आला असता" म्हटलंच. जुन्या गिटारींच्या नाजूक लॅकरच्या मुलाम्यावर चिकटपट्टी लावू नये म्हणतात, डाग पडतो. आमच्या गिटारीला तो धोका नव्हता, तिचा मुलामा स्टीलच्या कपाटासारखा जाड.

लावायचा कुठे? "हात आपोआप पडतो तिथे," सर म्हणाला. माझा हात दर वेळी नव्या ठिकाणी आपोआप पडायचा. तेव्हा आईंनी देवघरातलं कुंकू आणलं, थोडं तेलात कालवलं, माझ्या हाताच्या खालच्या बाजूला फासलं आणि म्हणाल्या, "आता विचार न करता वाजव." वाजवलं. हात उचलला, तर कडेवर अंगठ्याएवढा ठसा. बरोबर त्यावर खूण करून, कुंकू पुसून पट्टी चिकटवली. गिटार दुकानातल्या कुणाला हे सुचलं नसतं, हे मी आजही मान्य करते.

वळ गेला. आवाजही जरा मोकळा झाला. पण पट्टीने हात अर्धा इंच वर गेला, त्याबरोबर कोपर, कोपरापाठोपाठ खांदा. आता मान धरते. पट्टी काढायची तर हेअर ड्रायरने गरम करून खालून दात साफ करायचा दोरा ओढायचा, असं सर सांगतो. कॅनडात ग्रिट लास्किन म्हणून गिटार घडवणारे आहेत, त्यांनी ही कडच तासून उतरती करायची युक्ती काढली, असंही त्याने सांगितलं. ते त्याने आईंसमोर सांगायला नको होतं.

"तासायचीच आहे ना?" आई म्हणाल्या. "गुरुवारी ओट्याखालच्या कप्प्यांसाठी सुतार येतोय. रंधा असतोच त्याच्याकडे."

गिटार सध्या माझ्या बहिणीकडे, मुलुंडला आहे.