दहा लाख डॉलर कमवा, तरच पदवी? ‘ज्यू इतके हुशार का?’ या फॉरवर्डची झाडाझडती

हा मेसेज दहा-बारा वर्षं फिरतोय आणि आजवर सोडून देता येत होता. पण आता घरच्या ग्रुपवर सातव्या महिन्यातल्या लेकीसुनेला ‘हे वाच आणि रोज गणितं सोडव’ असा हुकूम त्याला चिकटून येतो. मग बोलावंच लागतं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर असा: कुणी एक डॉक्टर तीन वर्षं इस्रायलमध्ये राहिला आणि त्याला ज्यूंच्या बुद्धीचं रहस्य सापडलं. गरोदर बायका नवऱ्यासोबत गणितं सोडवतात, पियानो वाजवतात, बदाम-खजूर-दूध घेतात, मासा खातात पण डोकं वगळून. घरात सिगारेट नाही. मुलांना धनुर्विद्या सक्तीची. विद्यापीठात व्यवसाय शाखेच्या शेवटच्या वर्षी दहा जणांच्या गटाने दहा लाख डॉलर नफा कमावला तरच पास. लिव्हाइस जीन्स हा असाच इस्रायली विद्यापीठातला प्रोजेक्ट. आणि न्यूयॉर्कमधलं एक केंद्र ज्यूंना बिनव्याजी कर्ज देतं.

जीन्सपासून सुरुवात करू, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं अमेरिकन पेटंट २० मे १८७३ रोजी मिळालं, क्रमांक १३९१२१. नावं दोन: रेनोचा शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस. हैफाच्या टेक्निऑनमध्ये वर्ग भरू लागले १९२४ साली, जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ उघडलं १९२५ साली आणि इस्रायल हा देश जन्मला १९४८ साली. स्ट्रॉस तर १९०२ मध्येच वारला. दोघेही ज्यू होते, हे खरं. पण जो प्राध्यापक, जे विद्यापीठ आणि जो देश अजून जन्मलाच नव्हता, त्याने यांना मार्क कसे दिले?

आता ते दहा लाख. देशभरात व्यवसाय शाखेचे फक्त पाच हजार विद्यार्थी शेवटच्या वर्षाला आहेत असं धरा. दहाचे पाचशे गट झाले. म्हणजे पन्नास कोटी डॉलर नफा, दरवर्षी, आणि तोही परीक्षेपुरता. असं कुठेही चालत नाही. तिथला विद्यार्थी बहुधा आधी सक्तीची लष्करी सेवा करून येतो, त्यामुळे पहिल्या वर्षालाच विशीच्या पुढे असतो. प्रवेशासाठी शाळेचे मार्क आणि ‘सायकोमेट्रिक’ नावाची परीक्षा, पुढे साधारण तीन वर्षांची पदवी, सेमिस्टर, लेखी पेपर, नापास, फेरपरीक्षा. उद्योजकतेचे कोर्स आहेत, गटाने प्रोजेक्टही करतात. मार्क मात्र अहवालाला आणि सादरीकरणाला मिळतात. आपल्या एमबीएसारखंच.

या फॉरवर्डचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ज्यू विद्यार्थ्यांकडे शिकण्याची एक पद्धत खरोखर आहे, आणि मेसेजमध्ये तिचा एक शब्दही नाही. तिला ‘खेव्रूता’ म्हणतात, म्हणजे जोडी. दोन जण, एक मजकूर, मोठ्याने वाचन. ताल्मूद म्हणजे ज्यू धर्मकायद्यावरच्या वादविवादांचा मोठा ग्रंथ. त्याच्या छापील पानावर मधोमध मूळ मजकूर असतो, बांधणीच्या बाजूला राशी या मध्ययुगीन पंडिताची टीका आणि बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे नंतरच्या पंडितांच्या हरकती. एकाने दोन ओळी मूळ वाचायच्या, अर्थ लावायचा. दुसऱ्याने विचारायचं: हे वाक्य प्रश्न आहे की उत्तर? पुरावा कुठला? मग राशी उघडायचा आणि आपला अर्थ ताडून पाहायचा. तासाभरात दहा-पंधरा ओळी झाल्या तरी खूप झाल्या.

नमुना म्हणून विद्यार्थ्यांच्या वर्गात बहुतेक वेळा घेतात ते प्रकरण पाहा, ताल्मूदच्या ‘बावा मेत्सिया’ या भागाची पहिलीच ओळ. दोघांनी एकच वस्त्र धरलंय. हा म्हणतो ‘मला सापडलं, सगळं माझं’, तोही तेच म्हणतो. निवाडा: प्रत्येकाने शपथ घ्यायची की यात माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही, आणि वाटून घ्यायचं. एक ‘सगळं माझं’ आणि दुसरा ‘अर्धं माझं’ म्हणत असेल, तर पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. आता जोडी अडते ती शपथेच्या शब्दांवर. ‘अर्ध्याहून कमी नाही’ असं वाकडं का? ‘सगळं माझं’ अशी शपथ घ्यायला लावली तर त्याला सगळं देणार आहात का? आणि ‘अर्धं माझं’ म्हणायला लावलं तर तो स्वतःच्याच दाव्याला खोटा पडतो. मुळात शपथ हवीच कशाला? ताल्मूदमधले पंडित रब्बी योखानान म्हणतात, नाहीतर उद्या कुणीही उठेल, दुसऱ्याचं वस्त्र धरेल आणि ‘माझं’ म्हणेल. याला बदाम लागत नाहीत, समोर हरकत घेणारा माणूस लागतो.

हेही फसतं. दोघे मनातल्या मनात वाचू लागले की संपलं. एकाला जास्त येत असेल तर तो शिक्षक होतो आणि दुसरा मान डोलावतो. आणि सेफारिया या वेबसाइटवर भाषांतर फुकट आहे, त्यामुळे थेट उत्तराशी उडी मारणं सोपं. प्रश्न कळायच्या आधीच उत्तर हातात येतं. हेही कबूल करतो की अमेरिकेतल्या बहुतेक ज्यू विद्यार्थ्यांना ताल्मूदची मूळ अरामी भाषा वाचता येत नाही आणि अनेकांनी ताल्मूद कधी उघडलेलाही नसतो. त्यांचं ज्यूपण बऱ्याचदा शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणापुरतं. तेवढ्यासाठीही तयारी असते. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली हिलेल ही ज्यू विद्यार्थी संघटना असो की छबाद या धार्मिक चळवळीचं घर, नावं आधीच घेतात, कारण सूर्यास्तानंतर चूल पेटवायची नाही; जेवण आधी शिजवून गरम तव्यावर ठेवतात. मेणबत्त्या सूर्यास्ताआधी अठरा मिनिटं. डिसेंबरच्या सुरुवातीला बोस्टनला म्हणजे चारच्याही आधी, दुपारचा तास बुडवून. वसतिगृहाचं दार विजेच्या कार्डाने उघडत असेल तर त्या दिवशी वीज न वापरणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्याने साधी किल्ली आधीच मागून ठेवायची, नाहीतर थंडीत दाराशी उभं राहायचं.

आता गरोदर बाईचं गणित. ज्या परंपरेने अभ्यासाला इतकं वर चढवलं, तिनेच शतकानुशतकं बायकांना ताल्मूदपासून लांब ठेवलं. न्यूयॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठाच्या स्टर्न महिला महाविद्यालयात ताल्मूदचा वर्ग सुरू झाला १९७७ साली, पहिलं व्याख्यान रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांचं. आपल्या शेजारचंच पाहा. अलिबाग-पेणच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत तेलाचे घाणे होते, शनिवारी बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. पियानो कुणाकडे होता? त्याच समाजातले जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून गेले. त्यांच्या आईने गणितं सोडवली की नाही ठाऊक नाही, मेहनत मात्र दिसते.

माशाचं डोकं? रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, कित्येक ज्यू घरांत ते मुद्दाम ताटात ठेवतात, ‘शेपूट नको, डोकं होऊ दे’ म्हणून. सिगारेट? इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांत प्रौढांपैकी साधारण पाचातला एक ओढतो. अशा मेसेजांमधलं ‘अमेरिकेचा अर्धा धंदा यांच्या हातात’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण युरोपात याच वाक्यावर त्यांची घरं जाळली गेली आहेत. ते पुढे पाठवण्याआधी थांबा.

बिनव्याजी कर्जाचं तेवढं खरं आहे, मुकाट्याने मान्य. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ पासून ते देते, कारण तोराह हा ज्यूंचा धर्मग्रंथ आपल्या माणसाकडून व्याज घ्यायला मनाई करतो. पण ते फक्त ज्यूंना मिळत नाही, कुठल्याही धर्माच्या माणसाला अर्ज करता येतो. आणि जामीनदार आणावे लागतात, पतपेढीत लागतात तसेच.

धनुर्विद्येबद्दल लिहायला काही नाही.